पाठकोऱ्या कागदांवरचा डाव

मागच्या शनिवारी रात्री साडेदहाला शेजारचे काका बटव्यात हात घालून बसले होते आणि खोलीत कुणी हूं की चूं करत नव्हतं. बटवा माझ्या आजीचा, दोन्हीकडून नाडी ओढून बंद होणारा. आत हाउजीच्या संचातले १ ते २० आकडे. काकांनी एक आकडा मुठीत धरून बाहेर काढला, मूठ उघडलीच नाही आणि मला विचारलं, "पोरी, वीस अजून आतच होता ना?"

"होता," मी म्हटलं.

त्या मुठीकडे परत येते. आधी पैशांचं सांगते, कारण आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या धर्तीचा, फासे टाकत गोष्ट रचण्याचा खेळ खेळतो असं कळलं की समोरचा पहिल्यांदा तेच विचारतो, महाग असेल ना?

दीड वर्षात आमचे २४ डाव झाले. डावाला माणशी २० रुपये बिस्किटाच्या डब्यात टाकायचे, असं पहिल्याच दिवशी ठरलं. पाच माणसं, म्हणजे डावाला शंभर. आम्ही त्याला भिशी म्हणतो, पण उचल कुणालाच नाही, डावाला जे लागेल त्यालाच पैसे. जमा २,४००, खर्च १,८६०, डब्यात शिल्लक ५४०. पै न पै वहीत लिहिलेली आहे. ज्याच्या घरी डाव, त्याच्याकडे भेळ नाहीतर उपमा, तो खर्च धरलेला नाही.

मी साताऱ्यात एका झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात काम करते. पगार १४ हजार. डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायचं हे डोक्यात बरीच वर्षं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एकजण जग उभं करतो, तिथे काय दिसतं, काय ऐकू येतं, कोण समोर येतं ते सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक माणूस होतात आणि आपण काय करतो ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. एवढाच खेळ. पण नियमांची जाडजूड पुस्तकं तीन, आणि मी चौकशी केली तेव्हा एकेका पुस्तकाची किंमत तीन हजारांच्या वर होती. तीन पुस्तकं म्हणजे माझ्या पगाराचा मोठा घास.

मग मी या खेळाचा इतिहास वाचला आणि धीर आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ काढला तेव्हा पहिली आवृत्ती हजार प्रतींची होती आणि त्या पेट्या अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा नावाच्या गावात गायगॅक्स यांच्या घरीच हातांनी भरल्या गेल्या. राक्षसांच्या बाहुल्या मिळत नव्हत्या, म्हणून त्यांनी हाँगकाँगहून येणारी स्वस्तातली प्लास्टिकची चित्रविचित्र जनावरं टेबलावर मांडली. त्यातल्याच एका खेळण्यावरून लोखंड खाऊन टाकणारा तो प्रसिद्ध गंजखाऊ प्राणी जन्मला. हा खेळ गरजेपोटीच असा घडला आहे. आमच्याकडे साधनं नाहीत म्हणून आम्ही काहीतरी कमअस्सल खेळतोय, असं त्या दिवसापासून मला एकदाही वाटलं नाही.

या खेळाचे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये तो छापणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. मूळ नाव देऊन कुणीही ते छापू शकतो, भाषांतर करू शकतो. मी ते उतरवून घेतले, तर पानं चारशेच्या वर. दुकानात बसून मी रोज पानं मोजते, त्यामुळे चारशे पानं म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. छापायला परवडलं असतंही, पण रात्री जेवणं उरकून बसणाऱ्या माणसांच्या हातात तेवढं बाड द्यायचं नव्हतं.

शेवटी 'केर्न' हा याच धर्तीचा छोटा खेळ सापडला. योखाय गॅल यांनी लिहिलेला, फुकट आणि खुला, वीस-पंचवीस पानांचा. परवान्याची अट अशी की मूळ लेखकाचं नाव द्यायचं आणि आपलं भाषांतरही तशाच अटींवर खुलं ठेवायचं. मी मालकांना विचारून दुकान बंद झाल्यावर रोज एक-दोन पानं मराठीत टाईप केली. पाठकोरे कागद दुकानात ढिगाने पडतात, त्यावर कच्च्या प्रती काढल्या. पक्क्या पाच प्रती कोऱ्या कागदावर, मधोमध पिन मारून. कच्च्या-पक्क्या मिळून खर्च १४० रुपये.

भाषांतरात सगळ्यात जास्त अडले ते 'हिट प्रोटेक्शन'ला. बाकी सोपं होतं, माणसाचे तीन गुण: बळ, चपळाई, मनोबळ. हिट प्रोटेक्शन म्हणजे अंगातला जीव नव्हे. घाव चुकवत, हुकवत माणूस किती वेळ तगेल ते. ते संपलं की मग घाव अंगावर. आणि घोटभर पाणी पिऊन जरा टेकलं की ते परत भरतं. 'जीव' लिहिलं, खोडलं. 'दम' लिहिलं, तेही खोडलं. मग एकदा आई फोनवर मावशीला म्हणाली, "होतोय बाई कसातरी निभाव," आणि शब्द मिळाला. आता आमच्या डावात "निभाव किती उरलाय?" असंच विचारतात. या शब्दाचा मला फार आनंद आहे.

आमच्यातले काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. बाकी माझा धाकटा भाऊ, एक मैत्रीण जी नर्स आहे, आणि तिचा नववीतला मुलगा. काका पहिल्या दिवशी नुसते बघायला आले होते. केर्नमध्ये प्रत्येकाकडे सामानासाठी दहा जागा असतात. मी त्यांना 'खण' म्हणते. मशाल एक खण, तलवार एक खण, अवजड वस्तूला दोन. थकवा आला तर तोही एक खण अडवतो. दहाही खण भरले तर निभाव शून्य. हे ऐकताच काका सावरून बसले. पुढच्या डावाला प्रत्येकासाठी पुठ्ठ्याची एकेक पेटी करून घेऊन आले, त्यांच्या जुन्या तिकिटांच्या पेटीसारखी, दहा खणांची, कडांना तपकिरी चिकटपट्टी. कार्डशीटच्या पट्ट्यांवर वस्तूंची नावं लिहायची आणि खणात उभ्या करायच्या. थकव्याच्या पट्ट्या लाल. खजिना सापडला की आता खरी भांडणं होतात, कारण सोन्याचा हंडा ठेवायला दोरी टाकावी लागते आणि दोरी टाकली तर वर चढायचं कसं? हे सगळं पुठ्ठ्याच्या पेटीमुळे डोळ्यांसमोर दिसतं. कागदावर नुसती यादी लिहायचो तेव्हा कुणाला काही वाटायचं नाही.

फाशांवर मात्र आमचे २५० रुपये पाण्यात गेले. ऑनलाइन मागवलेल्या संचातल्या वीस बाजूंच्या फाशावर ७ दोनदा होता आणि १७ नव्हताच. तिसऱ्या डावाला मैत्रिणीच्या मुलाच्या लक्षात आलं, तो प्रत्येक फेकीची नोंद ठेवत होता म्हणून. विकणाऱ्याने वापरलेला माल परत घेत नाही म्हणून सांगितलं. मी फार चिडले. शंभरच्या हिशोबाने ते आमचे अडीच डाव होते.

त्या रात्री भावाने माळ्यावरून हाउजीचा डबा काढला. १ ते २० आकडे बटव्यात, काढायचा, बघायचा, परत टाकायचा. याला जुना दाखला आहे, हे नंतर कळलं. १९७९ साली फाशांचा तुटवडा पडला होता तेव्हा डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पेटीत फाशांऐवजी आकड्यांचे पुठ्ठ्याचे तुकडे घातले होते. बाकीच्या फाशांना सापशिडीचा फासा आणि एक नाणं पुरतं. बारा हवे असतील तर फासा टाका, छापा पडला तर सहा मिळवा. चार हवे असतील तर पाच-सहा पडल्यावर परत टाका.

एकदा गडबडीत काढलेले आकडे परत टाकायचे राहिले. केर्नमध्ये आपल्या गुणाच्या आकड्याइतका किंवा त्याहून कमी आकडा आला तर जमलं, आणि २० म्हणजे काहीही असलं तरी फसलं. सातआठ आकडे बाहेर पडून राहिले आणि मुलगा म्हणाला, "मावशी, वीस अजून आलाच नाही." तिथून पुढे प्रत्येकजण हात घालताना थांबायला लागला. फाशाला मागचं काही आठवत नसतं. वीस वेळा टाकला तरी २० एकदाही न पडण्याची शक्यता तब्बल ३६ टक्के राहते. बटव्यात तो आहेच, आज ना उद्या कुणाच्यातरी बोटांना लागणारच. ती भीती आपली आपण मोजता येते. नंतर आम्ही ४५० रुपयांचा चांगला संच घेतला, रोजच्या फेकींना तो वापरतो. पण मोठा प्रसंग आला की बटवा निघतो आणि आकडे परत टाकायचे नाहीत.

बाहुल्यांचं काम दिवाळीने केलं. भाऊबीज झाल्यावर किल्ल्यावरचे मावळे विकणाऱ्यांकडे उरलेला माल असतो. एखाद्याची ढाल टवका गेलेली, एखाद्या घोड्याचा कान नाही. दोन दिवाळ्यांत मिळून ३८० रुपयांत आमच्याकडे भालदार, तोफा, गवळणी, वाघ, एक विहीर आणि पाणी भरणारी बाई एवढं सगळं जमलं. गवळणीच्या डोक्यावरच्या मडक्यात विष आहे असं मी एकदा सांगितलं होतं, तेव्हापासून त्या गवळणीजवळ कुणी जात नाही. महाराजांची मूर्ती डावात येत नाही. ती देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असते.

नकाशा मी गणिताच्या चौकटीच्या वहीत काढते. शिवाय ए-थ्री कागदावर मोठ्या चौकटी छापून त्याला लॅमिनेशन केलं आहे, दोन्ही मिळून १२० रुपये. त्यावर व्हाईटबोर्डचा मार्कर चालतो आणि फडक्याने पुसता येतं. माझ्या मते या खेळात पैसे घालायचेच झाले तर पहिले इथे घालावेत.

आणि जागा? त्या तर साताऱ्याभोवती फुकट आहेत. लिंब गावची बारा मोटांची विहीर मी दोनदा जाऊन पाहिली. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. अष्टकोनी, दगडी, पायऱ्या उतरून गेलं की आत महाल. भर उन्हाळ्यातही तिथे दगड गार लागतो आणि बोललेलं जरा उशिरा परत येतं. मी पायरीवर बसून चौकटीच्या वहीत आराखडा काढला. किती पावलं, दार कुठे, अंधार कुठून सुरू होतो. विकतच्या कुठल्याही पुस्तकात मला तो गारवा मिळाला नसता.

डावातली माझी विहीर अशी: गावाचं पाणी आटत चाललंय, कारण रात्री बाराही मोटा, म्हणजे बैलांनी ओढून पाणी काढायच्या मोठ्या पिशव्या, आपोआप चालतात. न दिसणारे बैल धावेवरून, म्हणजे मोट ओढायच्या उताराच्या वाटेवरून, वरखाली जातात आणि पाणी कुठेतरी निघून जातं. मी लढाईची तयारी करून ठेवली होती. अदृश्य बैलांचे आकडे, आतल्या महालात बसलेला त्यांचा धनी, सगळं.

काकांनी मला विचारलं, "मोटेला सोंदूर आहे का?"

मला नीट माहीत नव्हतं. त्यांनी समजावून सांगितलं, आणि दहा मिनिटं डाव थांबला. लहानपणी त्यांच्या वडिलांच्या मळ्यात मोट होती. मोटेला दोन दोर. नाडा जाड, मनगटाएवढा, त्याच्यावर सगळा भार. सोंदूर बारीक, तो मोटेची सोंड वर धरून ठेवतो. वर आल्यावर सोंड थारोळ्यात पडते आणि पाणी मोकळं होतं. "वाटेतच सोंदूर तुटला," काका हात खाली सोडून म्हणाले, "तर सोंड लोंबते आणि पाणी परत विहिरीत. बैल ओढत राहतात, मोट वर येते ती रिकामी."

"आहे," मी म्हटलं. "बाराही मोटांना सोंदूर आहे."

मग कुणी बैलांशी लढलंच नाही. चौघं चार बाजूंनी काठावर रांगत गेले. प्रत्येक सोंदूर कापायला चपळाईची एक फेक, बटव्यातून. फसली तरी दुसऱ्या हाताने परत प्रयत्न करायचा, फक्त वीस आला तर खाली. पहिले पाच सोंदूर सहा आकड्यांत. भाऊ एकदा घसरला, निभाव दोनवर आला. मैत्रिणीने दोन कापले आणि रात्रपाळीला निघायची वेळ झाली तरी उठली नाही. अकरा सोंदूर तुटले तेव्हा टेबलावर सोळा आकडे पडले होते. बटव्यात चार. त्यात वीस.

बारावा काकांकडे आला. त्यांची मूठ टेबलावर होती आणि आकडा आत.

उघडली. तीन होता.

मैत्रिणीचा मुलगा ओरडला तेव्हा वरच्या मजल्यावरून कुणीतरी काठी आपटली. मी बाराही मोटा रिकाम्या वर येताना सांगितल्या, एकामागून एक, आणि खाली विहिरीत पाणी परत पडल्याचा आवाज. मग महालातून कुणीतरी पायऱ्या चढायला लागलं, तिथे डाव थांबवला.

येत्या रविवारी दुपारी दुकान बंद असेल तेव्हा विहिरीचा आराखडा नव्याने छापणार आहे. काकांनी सांगितलंय, धाव फार आखूड दाखवली आहेस, तेवढ्यात मोट तळापासून वर येत नाही.