दुकानदाराचं वाचणं आणि बघणं

हरभरा वर आला, गव्हाला युरिया पडला, की आमच्या चोपड्यातल्या दुकानात दुपारी माशा मारायची वेळ येते. केळीवाले तेवढे ठिबकमधून सोडायची खतं न्यायला येतात. बाकी कृषी सेवा केंद्राला कापसाच्या बियाण्याची गर्दी सुरू होईपर्यंत तशी उसंतच. या उसंतीत जे आवडलं तेवढंच लिहितो. एक गाजलेली कादंबरी अर्ध्यात सोडली, तिचं नाव घेत नाही. तिच्यातले सगळे नोकरी करतात, पण महिनाअखेर कुणाचीच ओढाताण होत नाही. माझं हे असंच आहे. पैसा कुठून आला आणि कुणाच्या खिशातून गेला, हे गोष्टीत दिसलं नाही तर मन रमत नाही.

म्हणून 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' बघताना मी खूष होतो. रीमा कागतींचा हा सिनेमा 2025च्या फेब्रुवारीत थिएटरला लागला, मी पाहिला घरी. मालेगाव जिल्ह्यानं नाशिकचं असलं तरी धुळ्याहून तासाभरावर. माल आणायला, लग्नाला आपलं येणं-जाणं असतंच. सिनेमा ज्याच्यावर आहे तो नासिर शेख हा खरा माणूस. व्हिडिओ पार्लर चालवणारा, लग्नाची शूटिंग करणारा. यंत्रमागाच्या गावात यारदोस्त जमवून 'मालेगाव के शोले' काढणारा. सिनेमात मला सगळ्यात पटला तो विनीतकुमार सिंहनं केलेला लेखक, फरोग. नक्कल किती दिवस करायची, आपली गोष्ट कधी सांगणार, हा त्याचा सवाल. आणि नासिरकडे उत्तर एकच, की खपतं ते नक्कलच. दोघंही बरोबर आहेत, म्हणून भांडण खरं वाटतं. पुढे नासिरचा दोस्त शफीक याच्या कॅन्सरपाशी सिनेमा जरा जास्तच गोड होतो. रडलो मीही, पण ते रडवून घेतलेलं रडणं.

त्यापेक्षा याच नासिरच्या सिनेमा काढण्यावरचा फैझा अहमद खान यांचा 2008चा माहितीपट, 'सुपरमेन ऑफ मालेगाव', मला जास्त रुचला. त्यात कॅमेरा वर उचलायची क्रेन म्हणून बैलगाडी आहे आणि ट्रॉली म्हणून सायकल. बैलगाडी उलाळ झाली की पुढच्या दांड्या कशा वर जातात, हे ज्यानं गाडीत कडबा भरलाय त्याला शिकवावं लागत नाही. मुंबईतल्या लोकांना ते बघून हसू येत असेल. मला मात्र वाटलं, याला म्हणतात जुगाड बसवणं. भाड्याच्या क्रेनचे पैसे वाचले ते वेगळेच.

'साबर बोंडं' नाशिकला भाच्याकडे गेलो तेव्हा पाहिला. रोहन कानवडे यांचा हा पहिला मोठा सिनेमा, अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात 2025 साली मोठं बक्षीस मिळवून आलेला. बाप वारल्यावर आनंद मुंबईहून दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, आणि तिथं बाल्या भेटतो. दोघं एकमेकांना जीव लावतात. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा जागचा हलत नाही, आणि नातेवाइकांचं 'लग्न कधी करतो' हे टुमणं दिवसकार्यातही थांबत नाही. आपल्याकडे तरी कुठं थांबतं? आनंदची आई सगळं जाणून आहे आणि तिनं पोराची बाजू कधीच घेऊन ठेवलीय, मोठं भाषण न करता. गल्लीतल्या मित्राला गोष्ट सांगितली तर त्यानं मक्याचा भाव विचारला. बायको मात्र म्हणाली, "त्या आईसाठी बघेन मी."

पुस्तकात या वर्षी पुन्हा 'कोसला' काढलं. 1963 सालचं, नेमाड्यांचं. ते आपल्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. कॉलेजात असताना पुण्यातली धमाल वाचून नाचलो होतो. आता काउंटरवर, उधारीच्या वहीशेजारी ठेवून वाचताना सगळं लक्ष नायकाच्या, पांडुरंगच्या खर्चाकडे. घरून पैसे येतात, हा पोरगा मेसचा कारभार अंगावर घेतो, त्यात बुडतो. बाप तिकडे तापतो. पोराला पुण्याला पाठवणारी निम्मी गिऱ्हाईकं माझी आहेत. फीचा महिना आला की माझी उधारी लांबते. बापाचा राग कुठून येतो ते मला वहीतच दिसतं.

पण मनीपाशी आलो आणि हिशेब बंद. धाकटी बहीण देवीच्या आजारात जाते, ती पानं लेखकानं अशी तुटक लिहिलीत, की शोक करायलाही सलग वाक्य मिळू नये. तेवढ्यात एक म्हातारबा तणनाशक न्यायला आले. "काय वाची राह्यना भाऊ?" म्हणाले. मी पुस्तक पालथं घातलं आणि बाटली शोधायला उठलो, उगाच जास्त वेळ. पुढची अजिंठ्याची पानं रात्री घरी वाचली. आमच्यासाठी अजिंठा म्हणजे शाळेची सहल आणि डब्यातल्या पुऱ्या. तिथं हा मनीचं दुःख घेऊन फिरतो.

शाळेत मराठी शिकवणारा एक मित्र माझ्या या वाचनावर वैतागतो. 'कोसला'त अस्तित्वाचा प्रश्न आहे आणि तू मेसची बिलं काय तपासतोस, म्हणतो. मी म्हणतो, बिलं मी नाही घातली त्यात, लेखकानं घातलीत. तो सध्या ते पुन्हा वाचतोय. माझीच प्रत नेलीय.