मंडळीतला माणूस मतमाऊलीच्या वाटेवर

मी मंडळीतला. म्हणजे नगरच्या जुन्या प्रॉटेस्टंट घरातला. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं आणि त्यानंतरच्या कुठल्याशा दुष्काळात आमच्या पूर्वजांनी बाप्तिस्मा घेतला. आमच्या घरात मारिया म्हणजे प्रभूची आई, आदरणीय, आणि विषय तिथंच संपायचा. मेणबत्ती लागायची ती लाइट गेल्यावर. बायको मात्र कॅथलिक, माहेर राहुरी तालुक्यातलं. त्या घरात सप्टेंबर म्हटला की हरेगाव.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : हरेगाव श्रीरामपूर तालुक्यात आहे. एके काळी बेलापूर कंपनीचा साखर कारखाना आणि त्याचे मळे ही गावाची ओळख होती. कारखाना बंद पडून जमाना झाला, खंडकऱ्यांचं, म्हणजे कारखान्याला खंडानं जमिनी दिलेल्या शेतकऱ्यांचं, प्रकरण वर्षानुवर्षं चाललं, पण संत तेरेजा चर्चच्या आवारात भरणारी मतमाऊलीची, म्हणजे मारियेची, यात्रा वाढतच गेली. ८ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिवस. त्या सुमाराच्या शनिवार-रविवारी यात्रा, आणि त्याआधी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. माणसं एसटीनं येतात, टेम्पो-ट्रॅक्टर भरून येतात, आणि बरीच पायी येतात. पायी येणाऱ्यांच्या दिंडीत मेव्हण्यानं मला ओढलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की दाजी, तुम्ही दर रविवारी साक्षीवर बोलता, एकदा आमच्याबरोबर चालून बघा.

साक्ष हा आमच्या मंडळीचा आवडता विषय. उभं राहायचं, प्रभूनं माझ्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं, बसायचं. ऐकणारे सगळे आपलेच. बाहेरच्या माणसाला सांगायची वेळ आली की मात्र आवाज खाली जातो. कारण उघड आहे. धर्मांतराच्या बातम्या, त्यावरचे वाद, शेजाऱ्याच्या मनात उगाच येणारी शंका. शिवाय आमच्या भागातल्या ख्रिस्ती माणसाची आणखी एक अडचण आहे, ती बाहेरच्यांना सहसा कळत नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती झालेल्यांना आजही नाहीत. म्हणून कितीतरी घरांत दाखल्यावर एक आणि रविवारी दुसरं असं चालतं. दिंडीतही असे दोघं-तिघं होते. अशा माणसाला 'उघड साक्ष दे' म्हणणं सोपं आहे. त्याच्या मुलाची फी भरायला मात्र आपण जात नाही.

दिंडी म्हणजे निळा झेंडा, पुढे टाळ, मागे पिकअप टेम्पो, त्यावर कर्णा. मध्ये जपमाळ चाले. 'नमो मारिये' एका बाजूनं, उत्तर दुसऱ्या बाजूनं. मी पहिल्या फेरीला गप्प राहिलो, नंतर चालीच्या ठेक्यात ओठ हलू लागले, आणि कोणी बघितलं तर काय, असंही वाटलं. विळदचा घाट उतरेपर्यंत पायांना काही कळत नाही. त्यानंतर नगर-मनमाड रस्ता आपलं खरं रूप दाखवतो. खड्डे, कंटेनर, आणि कंटेनरनं उडवलेलं खड्ड्यातलं पाणी. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, या रस्त्यावर सगळ्या जिल्ह्यानं आधीच पुरेसं लिहिलंय.

दिंडीचे पुढारी होते मास्तर. पूर्वी फादरांबरोबर वाड्यावस्त्यांवर धर्मशिक्षण द्यायचे, आता निवृत्त. त्यांचा एकच नियम मला आधी चमत्कारिक वाटला : दिवसाचा स्वयंपाक करायचा नाही आणि घरून डबेही आणायचे नाहीत. रात्रीची खिचडी आपली, दिवसा वाटेत जे मिळेल ते. कुणी तक्रार केली की ते बायबलमधल्या लुकाच्या दहाव्या अध्यायाकडे बोट दाखवायचे. प्रभूनं सत्तर जणांना पाठवलं तेव्हा थैली, झोळी, वहाणा काही घेऊ नका म्हणून सांगितलं. (टेम्पोत गॅसच्या टाक्या आणि मास्तरांची आरामखुर्ची होती, हे मी त्यांना दाखवून दिलं. ते म्हणाले, "सत्तर जणांतले बाकीचे एकोणसत्तर माझ्यापेक्षा तरुण होते.")

देहऱ्याच्या पुढे ऊन चढलं. पावसाळ्यातलं ऊन, उसाच्या फडातून वाफ यावी तसं. टेम्पो पुढे निघून गेलेला, बाटली रिकामी. रस्त्यापासून थोडं आत एक वस्ती होती, दारात गाय, कडेला मक्याची कणसं वाळत घातलेली. मी आणि मेव्हणा पाणी मागायला गेलो. म्हातारी बाहेर आली, नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. तांब्या भरून आणला. आणि मी, काही विचार न करता, वाकून ओंजळ पुढे केली.

हे मला कोणी शिकवलेलं नाही. माझे वडील शहरात नोकरीला होते, आमच्याकडे फिल्टर आहे. पण वडील गावाकडे गेले की असेच वाकायचे, हे मी लहानपणी पाहिलेलं. वरून पाणी ओतलं जायचं, तांब्याला हात लागायचा नाही.

म्हातारीनं माझ्या ओंजळीकडे पाहिलं. "तांब्या घ्या की हातात," ती म्हणाली. "वंजळीनं काय पिताय?"

मी तांब्या घेतला आणि उभ्यानं रिकामा केला. तिनं दुसरा आणला. मग ओट्यावर बसवून विचारलं, "हरेगावची ना दिंडी? झेंडा निळाय म्हणून म्हणलं." तिला सगळं ठाऊक होतं. सुनेला मूल होत नव्हतं तेव्हा त्यांनी मतमाऊलीला नवस बोलला होता, नातू आता शाळेत जातोय. "तुमी तर तिचीच माणसं," ती मला म्हणाली. मेव्हणा माझ्याकडे बघून हसू दाबत होता. मंडळीतल्या माणसाला मारियेचं माणूस म्हणून मान मिळत होता, तोही एका हिंदू घरात.

निघताना तिनं कनवटीची दहाची नोट काढून माझ्या हातात ठेवली. "माझ्या नावची एक मेणबत्ती लावा तिथं."

पुढचा बराच वेळ मी योहानाच्या चौथ्या अध्यायाचा विचार करत चाललो. शोमरोनी बाईची गोष्ट आम्ही किती वेळा ऐकलीय! जिवंत पाण्यावर किती उपदेश झालेत! पण प्रभू तिच्याशी पहिलं वाक्य बोलतो ते काही देण्याचं नाही. 'मला प्यायला पाणी दे.' दमलाय, विहिरीच्या काठावर बसलाय, जवळ पोहरा नाही. आणि ज्यांचं पाणी आपल्या लोकांना चालत नाही, तिच्याकडेच मागतोय. जातीच्या विहिरी पाहिलेल्या आमच्या समाजाला हा उतारा भाष्याशिवाय कळायला हवा. आम्ही मात्र घाईनं पुढच्या वचनाकडे, जिवंत पाण्याकडे, म्हणजे आपण देण्याच्या भागाकडे पळतो.

देण्याची सवय आम्हाला मिशनपासून लागली. ती वाईट नव्हती. शाळा, वसतिगृहं, दवाखाने, दुष्काळात अनाथ पोरांसाठी उघडलेली घरं. आजही नगरमध्ये बूथ हॉस्पिटल म्हटलं की कुठल्याही धर्माच्या माणसाला पत्ता सांगावा लागत नाही. पण देणारा नेहमी वरच्या पायरीवर राहतो, आणि घेणाऱ्याला पुढच्या पिढीपर्यंत टोमणा ऐकावा लागतो की धान्यासाठी धर्म सोडला. आमच्या घराण्यानं तो टोमणा ऐकलाय. पणजोबांनी धान्यासाठी बाप्तिस्मा घेतला की प्रभूसाठी, मला माहीत नाही. उपाशी माणसाला हे दोन वेगळे करून दाखवता येतात असं म्हणणाऱ्याचं पोट भरलेलं असतं.

राहुरीच्या अलीकडे मुळेचा पूल लागतो. राहुरीत रेव्हरंड नारायण वामन टिळक राहिलेले आहेत. मास्तर कॅथलिक, टिळक आमच्या बाजूचे, तरी त्यांनी सगळ्यांना थांबवून सांगितलं की बाबांनो, या माणसानं १९१७ साली मिशनचा पगार सोडला. मिशनचा नोकर म्हणून बोललेलं लोकांच्या मनाला लागत नाही, असं त्यांना वाटू लागलं होतं. मग 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त यावेत अशी कल्पना. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार फार वाढला नाही. आमच्या मंडळीत टिळकांची गीतं दर रविवारी होतात. पगार सोडल्याची गोष्ट कमी वेळा निघते.

राहुरीच्या पुढे गणपती होते. म्हणजे सगळीकडेच होते, पण रस्त्याकडेच्या एका मंडळाच्या पोरांनी आम्हाला अडवलंच. सर आली होती, त्यांचा मांडव मोठा होता. "दिंडी कुठलीही असू द्या, आत या." स्पीकर बंद केला, सतरंजी टाकली, चहा आला. नंतर द्रोणात खिरापत आणि मोदक आले.

इथं दिंडीत फूट पडली. आमच्यातल्या एका नव्या मंडळीच्या ताईंनी द्रोण खाली ठेवला. नम्रपणे ठेवला, पण ठेवला. पौलानं करिंथकरांना लिहिलेलं त्या म्हणाल्या : हे नैवेद्याचं आहे असं कोणी सांगितलं तर खाऊ नये. हे खरंच लिहिलेलं आहे. मेव्हणा म्हणाला, त्याच पौलानं वरच्याच ओळीत लिहिलंय की पुढे वाढलेलं काही न विचारता खा. हेही खरं. दोघंही बरोबर वचनं म्हणत होते आणि मंडळाची पोरं आळीपाळीनं दोघांकडे बघत होती. मास्तरांनी पहिला मोदक उचलला. "प्रभू म्हणाला, तुमच्यापुढे वाढतील ते खा. तेही दहाव्या अध्यायातच आहे," असं म्हणून खाल्ला, आणि ताईंना म्हणाले, "तुम्हाला मन खात असेल तर खाऊ नका, पण चहा सोडू नका." ताईंनी चहा दोनदा घेतला. मी मोदक खाल्ला. चांगला होता, सारणात वेलची होती. यावरचा वाद पुढे बेलापूरपर्यंत चालला आणि मिटला नाही. मला ताईंबद्दल आदर वाटला, हे लिहायला हवं. एवढ्या लोकांत एकटीनं द्रोण खाली ठेवायला मोदक खाण्यापेक्षा जास्त धीर लागतो.

पण खरी गोष्ट त्यानंतर घडली. मंडळाचा एक पोरगा, कॉलेजातला, माझ्या बाजूला येऊन बसला. "काका, एक विचारू? रागावू नका. तुम्ही लोक मूर्तीला मानत नाही म्हणता, मग तुमच्या टेम्पोत मूर्ती कशी?" मी म्हटलं, मी मानत नाही, ते मानतात, आणि तेही तिला देव म्हणत नाहीत. मग त्यानं येशूबद्दल विचारलं. क्रूसावर मेला तर तो देव कसा, आणि हरलेल्या देवाला लोक का भजतात. मी साक्षीत जे पाठ म्हणतो ते तिथं चाललं नसतं. मी त्याला वडिलांच्या आजारपणाचं सांगितलं. मी रात्री दवाखान्यात बसायचो तेव्हा जिंकलेल्या देवाचा मला काही उपयोग नव्हता. ज्यानं स्वतः 'माझ्या देवा, माझा त्याग का केलास' म्हणून हाक मारली, त्याच्याशीच बोलता येत होतं. पोरगा 'हां' म्हणाला. त्याला पटलं असं नाही. त्यानं विठोबाचं काही सांगितलं, त्याची आजी वारी करायची तेव्हाचं, आणि मी ते ऐकलं. पाऊस थांबला, आम्ही उठलो.

त्याच्या मांडवात बसून, त्याचा चहा पिऊन, त्यानं विचारलं म्हणून मी बोललो. पेत्राच्या पत्रातही बहुधा हेच आहे, की तुमच्या आशेबद्दल जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेनं द्या. आधी कोणीतरी विचारायला हवं. घरी बसून मला आजवर कोणी विचारलेलं नव्हतं.

प्रवरेचा पूल, श्रीरामपूर, आणि मग हरेगाव. गर्दीबद्दल काय लिहायचं? नारळ, फुगे, रेवड्या, जपमाळा, उसाचा रस, हरवलेल्या पोरांची नावं पुकारणारा माइक, महागुरूस्वामींची, म्हणजे बिशपांची, मिस्सा. मेणबत्त्यांच्या जागी पोचायलाच खूप वेळ गेला. मेणाचा चिखल झालेला. म्हातारीच्या दहाच्या नोटेत एक मेणबत्ती आली, ती मी लावली. माझं नाव मी घेतलं नाही. तिचं नाव विचारायचं राहून गेलं होतं, म्हणून देहऱ्याच्या पुढची, गायवाली, एवढंच म्हणालो. बायकोनं फोटो काढला आणि तो तिच्या माहेरच्या ग्रुपवर टाकला, त्यावर अजून हसणं चाललंय.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. मी पाण्याची आणि मांडवाची गोष्ट सांगितली, मेणबत्ती वगळून. उपासनेनंतर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी बाजूला घेतलं. "सगळं ठीक आहे," ते म्हणाले, "पण त्या पोराला प्रभूचा स्वीकार करायला सांगितलंत का?"

"नाही. त्यानं ते विचारलं नाही."

"मग सुवार्तेची पत्रिका तरी द्यायची."

"पत्रिका नव्हत्या जवळ. मास्तर काही घेऊ देत नाहीत."

त्यांना हे आवडलं नाही, आणि त्यांच्या जागी वीस वर्षांपूर्वीचा मी असतो तर मलाही आवडलं नसतं. पुढच्या सप्टेंबरला ते स्वतः येऊन बघणार आहेत म्हणे. डबा घेऊन येणार, असंही बजावलंय.