मंडळाची कॅरम स्पर्धा: निकाल आणि मधला बोर्ड

आधी निकाल, कारण रविवारपासून फोनवर तेवढाच प्रश्न येतोय. पुरुष एकेरीत मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिणारे आमचे दिवाणजी परत जिंकले, सरळ दोन गेममध्ये, २५-११ आणि २५-१४. ज्युनिअर गट सांगलीवाडीच्या आठवीतल्या मुलानं मारला. खुल्या दुहेरीत एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर काका आणि आमची दहावीतली छोटी ही जोडी जिंकली. आणि महिला एकेरीत सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर. पोरंसोरं शाळेत जाणारी आहेत, म्हणून नावं इथं लिहीत नाही. मंडळाच्या फळ्यावर खडूनं सगळी लिहिलेली आहेत, येऊन बघा.

पुरुषांच्या फायनलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दिवाणजींचा हात यंदा इतका बसलाय की समोरच्याला स्टूलवर बसून बघत राहण्यावाचून काम नव्हतं. महिलांच्या सामन्यांबद्दल मात्र मला बरंच लिहायचंय.

नवीन वाचणाऱ्यांसाठी आधी आमच्या हॉलबद्दल सांगते. सांगलीच्या गावभागात, जिना चढून वरच्या मजल्यावर तीन बोर्ड आहेत. पूर्वी ते तळमजल्यावर असायचे. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची खूण ओलांडली, आणि खालचं सगळं सामान पाण्यात राहिलं. कॅरमचं प्लायवूड एकदा फुगलं की बोर्ड गेलाच म्हणायचा. वाळवा, घासा, पॉलिश करा, सोंगटी सरळ जाता जाता मध्येच वळते. तेव्हा जुन्या सभासदांनी वर्गणी काढली आणि मंडळ वर हलवलं. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा बोर्डांना थेंब लागला नाही. त्या वर्गणीतून आणलेला नवा बोर्ड म्हणजे आमचा मधला बोर्ड. चौकट जड, पृष्ठभाग आरशासारखा, वरच्या दिव्याला शेड असल्यामुळे सावली पडत नाही. बाकीचे दोन बरे आहेत, पण खिडकीकडचा बोर्ड एका कोपऱ्यात किंचित उतरलाय आणि दाराकडच्या बोर्डवर येणाऱ्याजाणाऱ्याची सावली पडते.

बायकांचे सामने इतकी वर्षं खिडकीकडच्या बोर्डवर व्हायचे. रविवारी सकाळी नऊ वाजता सुरू, बाराच्या आत फायनलसुद्धा उरकलेली. ‘उरकलेली’ हाच शब्द तेव्हा वापरला जायचा. हॉलमध्ये कोण असायचं? खेळणाऱ्या, अंपायर आणि झाडायला आलेल्या मावशी. बक्षीसही पुरुषांना रोख आणि बायकांना स्टीलचा डबा. कोणाच्या मनात वाईट होतं असं मी म्हणणार नाही. बायकांना घरी लवकर जायचं असतं, संक्रांतीनंतर हळदीकुंकवाचे दिवस, म्हणून सकाळीच मोकळं केलेलं बरं, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. आम्हाला कोणी विचारलेलं मात्र नव्हतं.

डिसेंबरच्या मीटिंगमध्ये मी खजिनदार म्हणून हा विषय मांडला. मुद्दा साधा होता: प्रवेश फी पुरुषांइतकीच घ्यायची तर बोर्ड, वेळ आणि बक्षीसही तेवढंच द्यायचं. थोडी कुरकुर झाली. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, ‘‘अहो, संध्याकाळी बायका यायच्या न्हाईत.’’ त्यावर शिवणकाम करणाऱ्या आमच्या मावशी, ज्या मीटिंगला सहसा तोंड उघडत नाहीत, म्हणाल्या, ‘‘आमची वेळ आम्हाला ठरवू द्या की. आलो न्हाई तर पुढच्या वर्षी परत सकाळी ठेवा.’’ ठराव झाला. शनिवार आणि रविवार दुपारी चारनंतर मधला बोर्ड महिलांचा, महिलांची फायनल पुरुषांच्या फायनलच्या आधी त्याच बोर्डवर, आणि रोख बक्षीस दोन्हीकडे सारखं. मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्यानं बक्षिसाची वाढीव रक्कम लगेच कबूल केली, हे इथं कृतज्ञतेनं नोंदवते.

गेल्या वर्षी महिलांच्या सहा प्रवेशिका होत्या. यंदा चौदा आल्या.

त्या चौदांमधल्या एक सिस्टर. सरकारी दवाखान्यात नाईट ड्युटी करतात, सकाळी आठला सुटतात. नऊच्या सामन्याला त्या कधीच येऊ शकल्या नसत्या. मंडळात त्या अधूनमधून यायच्या, दाराकडच्या बोर्डवर एकट्याच अर्धा तास हात मारून जायच्या. त्या इतक्या चांगल्या खेळतात हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं. यंदा वेळ दुपारची ठेवली म्हणून त्या उतरल्या, आणि जिंकल्या. या पोस्टमध्ये दुसरं काही नसतं तरी एवढं लिहायला मी बसलेच असते.

आता फायनल. समोर बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. तिचा कट बघत राहावा असा, आणि थंब शॉट तर मंडळात तिच्याइतका कोणाचाच नाही. पहिला गेम तिनं २५-७ असा संपवला. दुसरा सिस्टरनी हळूहळू खेचला, २५-१९. तिसऱ्यात सातव्या बोर्डला, म्हणजे सातव्या डावाला, मुलगी २१ वर आणि सिस्टर १९ वर.

ज्यांना नियम माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गेम २५ गुणांचा, नाहीतर आठ बोर्डांचा. बोर्ड जिंकणाऱ्याला समोरच्याच्या उरलेल्या सोंगट्यांइतके गुण मिळतात आणि राणी घेऊन कव्हर केली असेल, म्हणजे तिच्या मागोमाग आपली एक सोंगटी घेतली असेल, तर वर तीन. पण राणीचे तीन गुण २१ पर्यंतच. तुमचे २२ झाले की राणी घ्यायची ती फक्त समोरच्याला मिळू नये म्हणून. मुलगी बरोबर २१ वर होती. म्हणजे बोर्ड जिंकून राणी आणि समोरच्याची एक सोंगटी एवढ्यावर तिचं काम झालं असतं. सिस्टरना सहा हवे होते.

ब्रेक सिस्टरचा, पांढऱ्या त्यांच्या. चार घेतल्या. पाचवी डाव्या पॉकेटकडे होती, कटनं जाण्यासारखी, अवघड पण जाण्यासारखी. त्यांनी कट मारलाच नाही. स्ट्रायकर इतका हलका सोडला की तो सोंगटीला टेकला आणि जवळजवळ तिथंच थांबला. पांढरी सोंगटी सरकत जाऊन पॉकेटपासून बोटभर अंतरावर बसली, मुलीच्या एका काळ्या सोंगटीच्या नेमक्या वाटेत. मागून कोणीतरी म्हणालंच, ‘‘सोडली की ओ!’’ अंपायरनं मान वर करून बघितलं तेव्हा हॉल गप्प झाला.

मुलीनं एका टर्नमध्ये पाच काळ्या घेतल्या आणि उजव्या पॉकेटला राणी. टाळ्या पडल्या, पडायलाच हव्या होत्या. पण आता कव्हर पाहिजे. उरलेल्या चारपैकी दोन काळ्या समोरच्या कडेला एकमेकींना चिकटलेल्या, तिसरी पांढऱ्यांच्या मागं अडकलेली, आणि चौथी डाव्या पॉकेटच्या तोंडाशी, पण वाटेत ती बोटभर अंतरावरची पांढरी. तिनं कडेवरून रिबाउंड घेऊन बघितला. सोंगटी पॉकेटच्या ओठाला लागून बाहेर आली. अंपायरनं राणी उचलून मध्यभागी ठेवली.

सिस्टरनी बोटांवरची पावडर पदराला पुसली. तीन पांढऱ्या घेतल्या, मग राणी, आणि कव्हरला तीच, स्वतः लावून ठेवलेली सोंगटी. मग शेवटची. चार काळ्या उरल्या, राणीचे तीन, सात गुण. २५-२१.

हात मिळवताना मुलीनं विचारलं, ‘‘सिस्टर, ती तिथं मुद्दाम ठेवली होती ना?’’ त्या म्हणाल्या, ‘‘मग काय. तू राणीला जाणार हे दिसत होतं की.’’ पोरगी हसली आणि तिथंच स्टूलवर बसून तो शॉट परत मांडून बघायला लागली. पुरुषांची फायनल त्यामुळे पाच मिनिटं उशिरा सुरू झाली. कोणी तक्रार केली नाही.

मला तेव्हा २०२२ ची बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा आठवली. ती सांगलीत सगळ्यांनी बघितली, कारण पहिलंच पदक आपल्या संकेत सरगरनं आणलं. ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य, सुवर्ण एका किलोनं हुकलं, आणि तेही कोपराला दुखापत झालेली असताना. त्या निमित्तानं घराघरांत टीव्ही चालू राहिला आणि तीनच दिवसांनी आमच्यातल्या बऱ्याच जणींनी आयुष्यात पहिल्यांदा लॉन बोल्स बघितला. हिरवळीवर एक छोटा चेंडू आधी टाकायचा, त्याला जॅक म्हणतात, आणि मग आपले मोठे गोळे घरंगळत त्याच्या जवळात जवळ नेऊन थांबवायचे. गोळ्याची घडण एका बाजूला कललेली असते, त्यामुळे वेग कमी झाला की तो आपोआप वळतो. नुसती ताकद लावणाऱ्याचा तिथं निभाव लागत नाही. लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या चौघींनी अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १७-१० असं हरवलं. मोठी आघाडी घेतली होती, ती मध्येच आफ्रिकेनं भरून काढली, तरी शेवटच्या फेऱ्यांत या शांतपणे एकेक गोळा लावत गेल्या. या खेळात भारताचं राष्ट्रकुलमधलं ते पहिलं पदक.

त्या चौघींत एक पोलिसात, एक शाळेत खेळ शिकवणारी, एक वनखात्यात, एक जिल्ह्याची क्रीडा अधिकारी. नोकरी, घर सांभाळून खेळणाऱ्या बायका. शिवणकामवाल्या मावशींनी तो सामना माझ्याकडेच बसून बघितला होता आणि म्हणाल्या होत्या, ‘‘हे तर आपल्यासारखंच आहे, नुसतं मारायचं न्हाई, ठेवायचं.’’ सिस्टरांचा तो पाचवा शॉट बघताना मावशींनी माझ्याकडे वळून बघितलं. आम्हा दोघींना तेच आठवलं होतं.

दुहेरीचंही सांगायला हवं. दुहेरीत जोडीदार समोरासमोर बसतात आणि खेळ चालू असताना एकमेकांशी बोलायचं नसतं, खूणही करायची नसते. कंडक्टर काकांना गप्प बसणं किती जड जातं हे त्यांच्या गाडीनं विटा-सांगली प्रवास केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण छोटीचा खेळ चालू असताना ते मांडीवर हात ठेवून असे बसले होते की डोळेही हलत नव्हते. ती चुकली तरी चेहऱ्यावर काही नाही. सेमीफायनलला तिच्या हातून सलग दोन फाऊल झाले, दोन सोंगट्या परत ठेवाव्या लागल्या. काकांनी आपल्या टर्नला दोन्ही परत घेतल्या आणि स्ट्रायकर पुढं सरकवला, बस. इतक्या मोठ्या वयाचा माणूस इतक्या लहान मुलीच्या खेळावर असा विश्वास टाकतो हे बघायला मिळालं. छोटी आता बोर्डाची परीक्षा होईपर्यंत येणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

आणखी थोड्या बातम्या. मुलींपैकी दोघी अंपायरच्या परीक्षेची तयारी करताहेत. नियमांचं पुस्तक मंडळात एकच आहे, ते घरी नेऊ नका, फोटो काढून घ्या. खिडकीकडच्या बोर्डचा उतरलेला कोपरा आमचे सुतारकाका बघणार आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते पहिल्यांदाच रविवारी आले आणि आल्याआल्या चष्मा वर करून बोर्डाच्या चौकटीखाली वाकले. पावडर संपत आलीय, थंडीत बोर्ड पळतो म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही, पण उन्हाळा सरून हवेत दमटपणा आला की लागेल. खर्चाचा तपशील फळ्याच्या खाली लावला आहे.

चेन्नईच्या काझिमाबद्दल मुलींनी विचारलं होतं, तेही इथंच सांगते. वडील रिक्षा चालवतात. २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या कॅरमच्या विश्वचषकात तिनं तीन सुवर्णपदकं मिळवली, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. तिचे सामने शोधून बघा, आणि फक्त शेवटचे शॉट बघू नका, मधले हलके शॉट बघा.

फेब्रुवारीपासून बुधवार आणि शुक्रवार, संध्याकाळी ६ ते ८, मधला बोर्ड मुली आणि महिलांसाठी राखीव. हेही ठरावात लिहिलेलं आहे, कुणी त्या वेळी बसलेलं दिसलं तर मला सांगा. सिस्टरांची ड्युटी बदलते, त्यामुळे त्या आठवड्यातून एकदा येतील आणि हलका शॉट शिकवतील, असं त्यांनी कबूल केलंय. पुढच्या महिन्यात मिरजेच्या मंडळाशी मैत्रीचे सामने आहेत, आपल्याकडून चार महिला खेळतील, नावं रविवारपर्यंत द्या. सहा आसनी रिक्षानं एकत्र जाऊ. स्वतःचा स्ट्रायकर असेल तर आणा, फक्त वजन १५ ग्रॅमच्या वर नको, तिथं काट्यावर मोजून घेतात.