आमची वाटचाल: जुन्या विंडोजवरील नेटवर्क ड्रायव्हरचे काम

आमच्या फर्मची सुरुवात नवे संगणक जोडून देण्यापासून झाली. विंडोज ९८ तेव्हा सर्वत्र होते आणि नेटवर्क कार्ड बसवणे हे सगळी जुळणी झाल्यावर जाता जाता उरकायचे काम मानले जाई. आज तेच किरकोळ काम आमचा मुख्य व्यवसाय आहे. ज्या यंत्रांचे, मोजमापाच्या उपकरणांचे किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर केवळ विंडोज ९८, एक्सपी किंवा ७ वर चालते, तेथे कार्ड किंवा मदरबोर्ड बदलावा लागला की योग्य ड्रायव्हर (कार्ड आणि विंडोज यांना एकमेकांशी बोलू देणारे सॉफ्टवेअर) शोधून, बसवून आणि जुळवून जोडणी पूर्ववत करण्यासाठी आम्हाला बोलावले जाते.

पहिल्या काही वर्षांत प्रश्न ड्रायव्हरचा कमी आणि जागेचा अधिक असे. एनई२००० जातीच्या, आयएसए या जुन्या प्रकारच्या खाचेत बसणाऱ्या कार्डांना इनपुट-आउटपुट पत्ता आणि आयआरक्यू क्रमांक (प्रोसेसरचे लक्ष वेधण्याची ठरलेली वाट) जंपरने, म्हणजे कार्डावरील छोट्या टोपणाने, किंवा डॉसमधल्या छोट्या प्रोग्रॅमने ठरवून द्यावा लागे. अनेक कार्डे कारखान्यातूनच आयआरक्यू ३ वर येत आणि तो क्रमांक दुसऱ्या सिरियल पोर्टचा असल्यामुळे मॉडेम किंवा वजनकाटा जोडलेल्या संगणकात दोन्ही अडत. कार्ड १० वर हलवणे किंवा वापरात नसलेला पोर्ट बायॉसमधून बंद करणे, एवढ्याने बहुतेक तक्रारी मिटत. पीसीआय या नव्या खाचेची कार्डे आली, साधनांची वाटणी आपोआप होऊ लागली आणि हे काम संपले. पण त्याच्या जागी कार्डाची ओळख पटवण्याचा अधिक चिवट प्रश्न आला.

ग्राहक आम्हाला कार्डाच्या खोक्यावरचे नाव सांगतो आणि त्या नावाचा आम्हाला फारसा उपयोग नसतो. कार्ड विकणारी कंपनी वेगळी आणि त्यावरील चिप बनवणारी वेगळी असते; एकाच मॉडेल-नावाखाली आवृत्ती बदलताना चिपही बदललेली असू शकते आणि ड्रायव्हर तर चिपशी बोलत असतो. म्हणून आमच्याकडे फार लवकर एक नियम ठरला आणि तो आजही मोडू दिला जात नाही: हार्डवेअर आयडी लिहून घेतल्याशिवाय कोणीही ड्रायव्हर शोधायला बसायचे नाही. या आयडीत निर्मात्याचा आणि उपकरणाचा क्रमांक सोळाच्या पायावरील अंकांत असतो. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १०बी७ म्हणजे थ्रीकॉम आणि ८०८६ म्हणजे इंटेल, ज्यांनी स्वतःसाठी आपल्याच गाजलेल्या प्रोसेसरचा आकडा घेतला. १०ईसी आणि ८१३९ ही जोडी दिसली की कार्डावर कोणाचाही शिक्का असो, आतली चिप आरटीएल८१३९ कुळातली आहे हे समजते. एक्सपीमध्ये हा आयडी डिव्हाइस मॅनेजरच्या तपशील टॅबमध्ये मिळतो. विंडोज ९८ मध्ये तो टॅब नाही. तेथे रजिस्ट्रीच्या (विंडोज आपली सेटिंग जेथे साठवते त्या जागेच्या) एनम शाखेतील पीसीआय विभाग उघडून तो वाचावा लागतो.

आयडी हाती आल्यावरचे काम म्हणजे आयएनएफ फाइल वाचणे. ही साधी मजकुराची फाइल असून कोणत्या आयडीसाठी कोणती फाइल कोठे ठेवायची आणि रजिस्ट्रीत काय लिहायचे, हे तिच्यात नोंदलेले असते. ती नोटपॅडमध्ये उघडून आपला आयडी शोधला की ड्रायव्हर आपला आहे की नाही याचा निकाल बसवण्यापूर्वीच लागतो. नव्या सहकाऱ्याला आम्ही सर्वांत आधी हेच शिकवतो, आणि जो सेटअपचे बटण दाबून काय होते ते पाहू, असे म्हणतो, त्याला या कामाची गोडी लागायला वेळ लागतो असा आमचा अनुभव आहे. ‘सर्व ड्रायव्हर एकत्र’ असे सांगणारे संच आम्ही वापरत नाही. त्यांतील फाइल कोणी, कोठून घेतली आणि तिच्यासोबत आणखी काय आले, हे ग्राहकाला सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही ते आम्ही दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवत नाही.

यातूनच आमचा संग्रह उभा राहिला. निर्माते जुन्या आवृत्त्या संकेतस्थळावरून काढून टाकतात, कंपन्या विकल्या जातात आणि पत्ते बदलतात. त्यामुळे जे मूळ स्रोतातून मिळेल ते त्याच वेळी उतरवून, आयडी आणि आवृत्तीनुसार लावून ठेवणे ही आमची सवय झाली. ज्या संगणकाचे नेटवर्कच चालत नाही, त्यावर नेटवर्कचा ड्रायव्हर उतरवता येत नाही, ही या धंद्यातली जुनी गंमत आहे. शिवाय विंडोज ९८ ला पेन ड्राइव्हसाठीही वेगळा ड्रायव्हर लागतो, म्हणून आमच्या पिशवीत सीडी आणि फ्लॉपी अजून असतात. ९८ वर आणखी एक काळजी घ्यावी लागते: कार्ड बसवताना विंडोज मूळ सीडीतील कॅब फाइल (विंडोजच्या फाइलींचे गठ्ठे) मागते आणि सीडी हरवलेली असते. संगणक पहिल्यांदा हाती आला की त्या कॅब फाइलींचा फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून ठेवण्याची पद्धत आम्ही त्यामुळेच पाडली.

एक्सपीने कामाचे स्वरूप बदलले. तिची सीडी २००१ ची असल्यामुळे आरटीएल८१३९ सारख्या चिपांचे ड्रायव्हर तिच्यात आहेत, पण पुढे आलेल्या बहुतेक गिगाबिट चिपांचे नाहीत. म्हणजे बाहेरचा ड्रायव्हर आलाच. येथे नेमके कोठे अडते हे समजायला हवे. एक्सपीतील नेटवर्क ड्रायव्हरची रचना एनडीआयएस या विंडोजच्या नेटवर्क-ड्रायव्हर मानकाच्या ५.१ आवृत्तीपर्यंत येऊन थांबते आणि एक्सपीनंतरच्या व्हिस्टापासून ६.० सुरू होते. त्यामुळे व्हिस्टासाठी लिहिलेला ड्रायव्हर एक्सपीवर चालत नाही, मात्र एक्सपीचा ड्रायव्हर व्हिस्टा किंवा ७ वर अनेकदा चालून जातो. दुसरी गोष्ट क्रमवारीची. एक्सपी स्वतः निवड करू लागली की ती डिजिटल सही (फाइल खरी आणि न बदललेली असल्याची खूण) असलेल्या ड्रायव्हरला झुकते माप देते, आणि आपण दिलेला, आयडीशी अचूक जुळणारा पण सही नसलेला ड्रायव्हर मागे पडतो. अशा वेळी स्वयंचलित शोध नाकारून, यादीतून निवड करण्याचा पर्याय घेऊन ‘हॅव डिस्क’ने आपली आयएनएफ दाखवावी लागते. तरीही जुनाच ड्रायव्हर परत बसत असेल तर विंडोजच्या आयएनएफ फोल्डरमधील ‘ओईएम’ने सुरू होणाऱ्या फाइल उघडून, पूर्वी कोणी टाकलेली नोंद शोधून, ती फाइल तिच्या पीएनएफ जोडीसह (विंडोजने तिच्यापासून बनवलेल्या फाइलसह) हलवावी लागते. काय निवडले आणि का निवडले, हे सेटअपएपीआय नावाच्या लॉगमध्ये ओळीओळीने लिहिलेले असते. तो लॉग कंटाळवाणा आहे खरा, पण अंदाज बांधत बसण्यापेक्षा तो वाचून काम लवकर होते.

आयएनएफमध्ये हाताने आयडी घालण्याची मागणीही येते. चिप तीच, पण कार्डनिर्मात्याचा उप-क्रमांक वेगळा असल्यामुळे आयएनएफ जुळत नाही, तेथे एक ओळ वाढवून काम होऊ शकते. तसे केल्याने ड्रायव्हरसोबत येणाऱ्या कॅटलॉग फाइलमधील सही मात्र तुटते. ३२ बिट एक्सपी केवळ इशारा देऊन पुढे जाऊ देते, म्हणून तेथे आम्ही ग्राहकाच्या लेखी संमतीने हे करतो. ६४ बिट विंडोज ७ सही नसलेला ड्रायव्हर चालूच देत नाही आणि ती तपासणी कायमची बंद करून देण्याचे काम आम्ही स्वीकारत नाही.

ड्रायव्हर बसला म्हणजे जोडणी झाली असे नाही. जुने कार्ड काढून नवे लावले आणि तोच स्थिर आयपी पत्ता दिला, की एक्सपी तो पत्ता दुसऱ्या कार्डाला आधीच दिलेला असल्याचे सांगते आणि ते दुसरे कार्ड तर कोठेच दिसत नाही. काढलेल्या कार्डाची नोंद मागे राहिलेली असते. ती पाहण्यासाठी कमांड प्रॉम्प्टवर योग्य एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल ठेवून तेथूनच डिव्हाइस मॅनेजर उघडावा लागतो आणि लपलेल्या, फिकट दिसणाऱ्या नोंदी काढून टाकाव्या लागतात. याहून त्रासदायक असतात ते मधले थर. फायरवॉल, अँटीव्हायरस आणि व्हीपीएन प्रोग्रॅम कार्ड आणि टीसीपी/आयपी (विंडोजचा नेटवर्कवर संवाद साधणारा भाग) यांच्यामध्ये स्वतःचा ड्रायव्हर घालतात, आणि तो प्रोग्रॅम नीट न काढता फोल्डर पुसला गेला तर कार्ड सुस्थितीत दिसूनही एक पॅकेट बाहेर पडत नाही. म्हणून आधी असे प्रोग्रॅम रीतसर काढणे, मग कार्डाचा ड्रायव्हर बदलणे आणि शेवटी ते पुन्हा बसवणे, हा क्रम आम्ही पाळतो.

आमच्या कामाचा मोठा भाग मात्र एकाच सेटिंगने व्यापलेला आहे, ते म्हणजे वेग आणि डुप्लेक्स, म्हणजे माहिती दोन्ही दिशांनी एकाच वेळी जाते (फुल) की आळीपाळीने (हाफ). पूर्वी कोणीतरी कार्डाच्या प्रगत गुणधर्मांत १०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स असे पक्के केलेले असते आणि पुढे स्विच (संगणक एकमेकांना जोडणारी पेटी) बदलला जातो, जो वेग आपोआप ठरवणारा असतो. समोरून वाटाघाटीला प्रतिसाद नसल्यामुळे स्विच सिग्नलवरून वेग ओळखतो, पण डुप्लेक्स ओळखू शकत नाही आणि मानकाप्रमाणे हाफ डुप्लेक्स धरतो. दोन्ही दिवे हिरवे असतात, पिंगला (जोडणी तपासणाऱ्या छोट्या संदेशाला) उत्तर येते, लहान फाइल जातात. मोठी फाइल सुरू झाली की वेग कोसळतो. अशा ठिकाणी ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बदलून पाहणाऱ्यांनी काम आमच्याकडे सोपवलेले असते. दोन्ही टोके आपोआप वेग ठरवण्यावर ठेवणे किंवा दोन्ही टोकांना तेच मूल्य हाताने देणे, यापलीकडे तिसरा उपाय नाही. रात्रभर चालणाऱ्या यंत्रांवर, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करू देणारी खूणही आम्ही न चुकता काढून टाकतो.

२०१४ च्या एप्रिलमध्ये एक्सपीचा आधार संपल्यावर काम कमी होईल असे वाटले होते, ते वाढले, कारण यंत्रे बदलली गेली नाहीत. बदलले ते भोवतालचे नेटवर्क. एक्सपीला फाइलवाटपासाठी केवळ एसएमबीची पहिली आवृत्ती येते आणि २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसच्या हल्ल्यानंतर ती अनेक ठिकाणी बंद करण्यात आली. ती सर्व्हरवर पुन्हा चालू करून द्या, असे सांगितले जाते आणि आम्ही नकार देतो. त्याऐवजी जुन्या यंत्रासाठी वेगळा व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधला अलग केलेला भाग) तयार करून, मध्ये दोन कार्डे असलेला संगणक ठेवून, फाइल त्याच्यामार्फत पुढे पाठवण्याची व्यवस्था आम्ही सुचवतो. जुन्या यंत्राला इंटरनेटचा मार्ग दिला जात नाही.

अलीकडे विंडोज ७ ची कामे अधिक येतात आणि त्यांत सहीचाच प्रश्न नव्या रूपात दिसतो: नव्या ड्रायव्हरांची सही एसएचए-२ पद्धतीची असते आणि त्यासाठीचे २०१५ चे अद्यतन नसेल तर ६४ बिट प्रणाली पूर्णपणे वैध ड्रायव्हरही नाकारते. आधी अद्यतन, मग ड्रायव्हर, हा क्रम आमच्या कामाच्या नोंदवहीत छापलेला आहे. त्या नोंदवहीची एक प्रत, कार्डाचा हार्डवेअर आयडी, वापरलेल्या ड्रायव्हरची आवृत्ती, डुप्लेक्स आणि आयपीची मूल्ये आणि ड्रायव्हरची सीडी, असा लखोटा काम संपल्यावर आम्ही ग्राहकाला देतो आणि तो संगणकाच्या कॅबिनेटलाच आतून चिकटवून ठेवायला सांगतो.