ज्यूसरची वही: आठवा महिना

मंडळी, रक्ताचा रिपोर्ट काल हाती आला. नव्यांसाठी मागचं थोडक्यात सांगतो.

डिसेंबरात स्लो ज्यूसर घेतला. रोज सकाळी उपाशीपोटी नागपुरी संत्र्यांचा ४०० मिली रस, वरून साखर चिमूटभरही नाही, म्हणून निर्धास्त होतो. मार्चअखेर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, १४८ वरून १९६! एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १३२ चं १२९, जवळपास जागच्या जागी. मग हिशेब मांडला. एवढ्या रसात साधारण ३५ ग्रॅम साखर असते. संत्री सोलून खाल्ली तर दोन-तीनात पोट भरतं. रसात पाच-सहा सहज जातात. त्यातलं फ्रुक्टोज (फळातली साखर) मुख्यतः यकृताकडे जातं, आणि जास्त झालं की यकृत त्याची चरबी करतं. तीच ट्रायग्लिसराइडच्या आकड्यात दिसते. जागतिक आरोग्य संघटनाही रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच खात्यात धरते.

एका रविवारी चोथा टाकण्याआधी ताटात पसरला. फोडींचे पापुद्रे, पांढऱ्या शिरा, बोटांत चोळलं की बुळबुळीत. हे पेक्टिन, फळातला विरघळणारा तंतू. ते आतड्यात पित्ताम्लं धरून बाहेर नेतं, आणि नवी बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं. चार महिने एलडीएल उतरवणारा भाग मी घंटागाडीत देत होतो. फार वाईट वाटलं.

एप्रिलपासून मोसंबी, फक्त १५० मिली, निम्मा चोथा परत कालवून, तोही नाश्त्यासोबत. आठवड्यातले तीन दिवस ज्यूसर बंद, फळ चावूनच. कालचे आकडे: ट्रायग्लिसराइड १५४, एलडीएल १२१. संध्याकाळचं चालणंही एप्रिलातच सुरू केलंय, त्यामुळे सगळं श्रेय चोथ्याला देत नाही.

डाळिंबाबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. अभ्यासांत डाळिंबाच्या रसाने रक्तदाब थोडा उतरलेला दिसतो, कोलेस्टेरॉलवर मात्र ठळक परिणाम नाही. सोलापूरचा भगवा मी चवीसाठी काढतो, आणि त्यासाठी तो लाख मोलाचा आहे.

आता एक गोष्ट कळकळीने. गणपतीत पपनसं येतील. घरात कोणाला अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा सिमव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्या) चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. १९८९ साली कॅनडात रक्तदाबाची गोळी दारूसोबत घेतली तर काय होतं, याचा प्रयोग चालू होता. दारूची चव झाकायला ग्रेपफ्रूटचा रस दिला, तर रक्तातलं औषधच भलतं वाढलं. आतड्यात औषध मोडणारं एन्झाइम तो रस अडवतो. पपनस त्याच गोतावळ्यातलं, तीच द्रव्यं त्यातही असतात. स्टॅटिन अंगात वाढलं की स्नायू दुखतात. आईला अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आहे. डॉक्टरांनी पपनस नको सांगितलंय, म्हणून यंदा तिच्या ताटात पेरूच्या फोडी.

पुढच्या खेपेला चोथ्याचं थालीपीठ. दोनदा तव्याला चिकटलं, भाजणी वाढवून बघतो.