ग्रीनलँडिक भाषेतील लघु-गुरू

ग्रीनलँडची राजधानी नूकमध्ये राहून ग्रीनलँडिक, म्हणजे इथल्या लोकांच्या शब्दांत ‘कलाल्लिसुत’, शिकू लागलेला परदेशी माणूस बहुधा सर्वांत आधी विचारतो की शब्दात जोर कोणत्या अक्षरावर द्यायचा. डॅनिश किंवा इंग्रजी बोलणाऱ्याला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु या भाषेत त्या अर्थाचा आघात नाहीच. अक्षराला किती वेळ दिला आणि सूर कुठे चढला किंवा उतरला, एवढ्यावरच बोलण्याची लय उभी राहते.

ऐकताना काही अक्षरे ठसठशीत वाटतात, आणि ती कोणती हे वाचले तेव्हा मला शाळेतला वृत्तांचा तास आठवला. दीर्घ स्वराचे अक्षर जड आणि जोडव्यंजनाच्या आधीचे अक्षरही जड: आपल्याकडे गण पाडताना लघु-गुरू ठरवण्याचा जो नियम आहे, जवळजवळ तोच. फरक इतकाच की इथे दीर्घ स्वराचे अक्षर जोडव्यंजनाआधीच्या अक्षरापेक्षा अधिक जड मानले जाते. सगळीच अक्षरे लघु असलेल्या आखूड शब्दात शेवटचे अक्षर उठून दिसते, तर लांब शब्दात शेवटून तिसरे.

लांबीकडे दुर्लक्ष केले तर अर्थच बदलतो. ‘मन्ना’ म्हणजे ‘हे’ आणि ‘मान्ना’ म्हणजे ‘आत्ता’ (दोन्हींतला शेवटचा स्वर ऱ्हस्व उच्चारायचा, तो लिहिण्याची सोय देवनागरीत नाही). ध्रुवीय अस्वल एक असेल तर ‘ननोक’, अनेक असतील तर ‘नन्नुत’. हे द्वित्त, म्हणजे दुहेरी, व्यंजन साध्या व्यंजनाच्या जवळपास दुप्पट वेळ टिकते. ‘मका’ आणि ‘मक्का’ यांतला भेद लहानपणापासून पाळणाऱ्या मराठी जिभेला ते जड जाऊ नये, असे माझे मत आहे.

लिपीनेही ही लांबी जपली आहे. ग्रीनलँडमध्येच जन्मलेले मिशनरी सॅम्युएल क्लाइनश्मिट यांनी १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या व्याकरणातून जी लेखनपद्धती रूढ केली, तिच्यात दीर्घ स्वर आणि द्वित्त व्यंजन दाखवण्यासाठी स्वरावर निरनिराळ्या खुणा असत. अनोळखी वाचकाला त्या आघाताच्या खुणा वाटाव्यात, पण त्या लांबीच्या होत्या. १९७३ च्या सुधारणेत त्या गेल्या आणि अक्षर दोनदा लिहिण्याची सरळ रीत आली. नूक हे नाव आज रोमन लिपीत दोन ‘यू’ घालून लिहितात ते त्यामुळेच.

आपल्या कानाची खरी परीक्षा वाक्याच्या शेवटी होते. साध्या विधानात सूर शेवटून तिसऱ्या अक्षरावर चढतो, उपांत्य अक्षरावर उतरतो आणि शेवटच्या अक्षरावर पुन्हा चढतो, त्यामुळे शांतपणे माहिती देणारा माणूस आपल्याला सारखे काहीतरी विचारतो आहे असे वाटत राहते. प्रश्नात मात्र सूर उपांत्य अक्षरावर चढून शेवटी खाली येतो. ‘तो जेवला’ या वाक्याचा प्रश्न आपण निव्वळ सूर उंचावून करू शकतो; कलाल्लिसुतमध्ये ते काम क्रियापदाचा प्रत्यय करतो. ‘नेरिवोक’ म्हणजे तो किंवा ती जेवली, आणि ‘नेरिवा’ म्हणजे जेवली का? शेवट बदलला की प्रश्न पुरा होतो, मग सूर खाली आला तरी ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही.