इंडेक्स-टूवरचा भाव

आमच्या कामात एक गंमत आहे. फ्लॅटची किंमत ठरवायला मला बोलावतात, पण मी पोचेपर्यंत ती ठरलेली असते. मी सिव्हिल इंजिनिअर, बँकांच्या पॅनेलवर व्हॅल्युएशन करतो. बहुतेक फाइली पुण्याजवळच्या वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत या पट्ट्यातल्या. आसपासच्या व्यवहारांचे इंडेक्स-टू, म्हणजे नोंदणी झालेल्या किमतीचे सरकारी उतारे, काढायचे, कार्पेटचा म्हणजे भिंतींच्या आतल्या जागेचा दर बसवायचा, साइट बघून रिपोर्ट द्यायचा.

मध्यंतरी भाचा एक कोटेशन घेऊन आला. "मामा, वीस टक्के आत्ता, बाकीचं लोन. पझेशनपर्यंत हप्ता बिल्डर भरणार. फुकटच की!" फ्लॅट ९० लाखांचा. म्हटलं, हाच मजला, हाच फ्लॅट, स्कीम नको, बांधकाम चढेल तसे, स्लॅबप्रमाणे पैसे देतो म्हणून विचारून ये. दोन फेऱ्यांत बिल्डर ७७ लाखांवर आला.

आता हिशेब बघा. ७२ लाखांचं कर्ज एकदम उचललं, तर साडेआठ टक्क्यांनी वर्षाचं व्याज सहा लाखांच्या वर. पझेशन दोन वर्षांवर. म्हणजे बिल्डर भरणार ते बारा-सव्वाबारा लाख आधीच किमतीत घातलेले. वर त्या वाढीव रकमेवर सात टक्के स्टॅम्प ड्युटी, पाच टक्के जीएसटी, आणि पुढे वीस वर्षं व्याज. नॅशनल हाउसिंग बँकेने २०१९ मध्ये गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून लांब राहायला सांगितलं ते उगाच नाही. २०२५ मध्ये तर दिल्ली परिसरातल्या अशाच योजनांमधलं बिल्डर आणि बँकांचं साटंलोटं सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयकडे तपासाला दिलं.

भाच्याचे तेरा लाख हा त्याच्या घरचा प्रश्न. मला खुपतं ते वेगळंच. करारनामा ९० चा होतो, इंडेक्स-टूवर ९० चढतात. पुढच्या महिन्यात शेजारच्या प्रोजेक्टची फाइल आली की माझ्यासारखाच कुणीतरी तोच इंडेक्स-टू आधाराला घेतो. कागद खरा, सही खरी, नोंदणी खरी; आणि एरियाचा रेट वाढलेला.

म्हणूनच माल पडून असला तरी बिल्डर रेट पाडत नाही. सोन्याचं नाणं देईल, मॉड्युलर किचन देईल, स्टॅम्प ड्युटी आमच्याकडे म्हणेल. रेट पाडला तर आधीचे ग्राहक ऑफिसात येऊन बसतात आणि त्याच्या स्वतःच्या कर्जाचं तारणही हलकं होतं.

सरकारही यात हात घालतं. रेडी रेकनर म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला दर. त्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली व्यवहार केला, तर मधला फरक आयकर खातं घेणाऱ्याचं उत्पन्न धरतं आणि विकणाऱ्यालाही सोडत नाही. त्यामुळे रेकनर बाजाराच्या वर गेला, तर खरा भाव कागदावर यायला कुणी धजत नाही. २०२० मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर स्टॅम्प ड्युटी तीन टक्क्यांनी कमी केली, नंतर मार्चपर्यंत दोन टक्क्यांनी. ज्यांना वर्षभराने घ्यायचं होतं त्यांनीही डिसेंबर गाठला. सेल्सवाले ती गर्दी 'डिमांड' म्हणून पुढे कितीतरी दिवस दाखवत होते.

जमिनीचं तर विचारूच नका. पुण्याचा नवा विमानतळ आधी चाकण-राजगुरूनगरकडे होणार होता, २०१६ मध्ये तो पुरंदरला गेला. विमानाआधी प्लॉटिंगवाले उतरले, दोन्हीकडे.

मी स्वतः आधी भाडं विचारतो. भाडेकरू पगारातून पैसे देतो, त्यात कॅशबॅक नसतो. भाच्याच्या त्या फ्लॅटसारखा तयार फ्लॅट समोरच्या सोसायटीत २६ हजारांनी जातो. वर्षाचे तीन लाख बारा हजार. ९० लाखांवर साडेतीन टक्केही धड नाहीत, त्यातून मेंटेनन्स जायचा. आणि कर्ज साडेआठने. राहायला घ्यायचं असेल तर ७७ मध्ये अजून घासाघीस कर, गुंतवणूक म्हणून असेल तर नाद सोड, एवढंच त्याला सांगितलं.

त्याचे सासरे मात्र म्हणतायत, पाडव्याला बुक करून टाका, नंतर रेट वाढणार आहे. ही बातमी त्यांना सेल्स ऑफिसातून कळली.